जुनी सिगार ओढताना: आर्द्रता, काप, पेटवणं आणि चव

निवांत

पंधरा-वीस वर्षं मुरलेल्या सिगारीबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "फिकी लागली". खरोखर दम गेलेल्या सिगारी असतात, त्याबद्दल पुढे बोलूच. पण अनेकदा सिगार ओलसर असते, ज्वाला थेट टेकवून पेटवलेली असते आणि झुरके सिगारेटच्या वेगाने चाललेले असतात. ताजी, जहाल सिगार हे सगळं निभावून नेते. जुनी नेत नाही. म्हणून हा धागा.

आधी वय नेमकं काय करतं ते. पान ढीग लावून आंबवलेलं असतं, पण सिगार वळताना ते पुन्हा ओलसर करावं लागतं. त्यामुळे आंबण्याची क्रिया थोडी परत जागी होते आणि अमोनिया सुटतो. नवं खोकं उघडल्यावर नाकाला झोंबणारा दर्प तो हाच. काही आठवडे ते काही महिने सिगार अशी "आजारी" असते. पुढच्या दोन-तीन वर्षांत अमोनिया आणि कडू-तुरटपणा बराच उतरतो. त्यानंतर सगळं सावकाश चालतं: निकोटिनचा तडाखा बोथट होतो, वेगवेगळ्या पानांचे वास एकजीव होतात. त्याच वेळी उडून जाणारी सुगंधी तेलंही थोडी थोडी जात असतात. म्हणजे वयाने आधी नको ते जातं, आणि वय फार झालं की हवं तेही जायला लागतं.

आता तयारी. सिगार 65 टक्के आर्द्रतेवर साठवलेली असली तरी ओढण्याआधी दोन-तीन दिवस 60 ते 62 टक्क्यांच्या छोट्या डब्यात काढून ठेवा. पान ओलं असेल तर निखाऱ्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते. मग जळणं मंदावतं, आपण जोरात ओढतो, निखारा भडकतो आणि तोंडात गरम, आंबूस धूर येतो. जुन्या सिगारीचे नाजूक वास त्या वाफेखाली दबून जातात.

ओलावा बोटांनी कळतो. अंगठा आणि तर्जनीत धरून मधोमध अगदी हलकं दाबायचं. दबून सावकाश वर आली तर ठीक. कुरकुर असा बारीक आवाज आला तर ती कोरडी आहे, पेटवू नका. स्पंजासारखी दबली तर अजून दोन दिवस थांबा. ज्यांच्याकडे 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आहे त्यांचं काम सोपं: लागोपाठ दोन दिवस वजन सारखं आलं की सिगार डब्यातल्या हवेशी जुळली.

काप घेताना टोपीकडे नीट बघा. चांगल्या हाताने वळलेल्या सिगारीच्या डोक्यावर पानाचे दोन-तीन पदर बसवलेले असतात आणि त्यांच्या कडांच्या बारीक रेषा उजेडात दिसतात. काप सगळ्यात खालच्या रेषेच्या वरच राहिला पाहिजे, साधारण दीड ते दोन मिलिमीटर. रेषेच्या खाली गेलात की वरचं पान सुटायला लागणार. जुनं पान ठिसूळ असतं, म्हणून टोपी आधी ओठांत धरून जराशी दमट करा, अर्धा मिनिट थांबा, आणि दोन पात्यांच्या कातरीने एका झटक्यात काप घ्या. हळूहळू दाबत नेलं तर पान चिरतं.

पेटवताना ब्युटेनचा लायटर आणि मऊ पिवळी ज्वाला. जेट ज्वालेने कड क्षणात करपते आणि तो करपट वास पहिली दहा मिनिटं पाठ सोडत नाही. टोक ज्वालेच्या वर एक-दोन सेंटिमीटरवर धरून 20 ते 30 सेकंद फिरवत राहा. कडेला सगळीकडे सारखी काळी किनार आली की मग तोंडात धरून एक-दोन हलके झुरके. काडेपेटी वापरत असाल तर काडीचं डोकं पूर्ण जळून जाऊ द्या. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पानात शिरतो.

झुरका मिनिटाला एक. जुन्या सिगारीला सव्वा मिनिटही चालेल.

काळीमिरी

निवांतराव, धागा चांगलाच जमलाय. एक भर घालते. 62 आणि 65 या आकड्यांना अर्थ आहे तो आर्द्रतामापक खरं बोलत असेल तरच. नवीन मापकही पाच-सहा टक्क्यांनी चुकलेला असू शकतो, म्हणून आधी मिठाची चाचणी घ्या.

बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्यायचं. त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं. मीठ विरघळून वर पाणी तरंगायला लागलं तर जास्त झालं, टिपून घ्या. झाकण आणि मापक एकमेकांना न लागता हवाबंद पिशवीत ठेवायचे आणि पिशवी 24 तास एकाच तापमानाच्या जागी राहू द्यायची. संपृक्त मिठाच्या द्रावणावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिरावते. मापक 71 दाखवत असेल तर दर वेळी त्यात चार मिळवा. दोन तासांत आकडा बघून निष्कर्ष काढू नका, आणि मध्येच पिशवी उघडलीत तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

दुसरं म्हणजे तो 70-70 चा जुना नियम: 70 टक्के आर्द्रता, 70 अंश तापमान. त्यातलं तापमान फॅरेनहाइटमध्ये आहे, म्हणजे 21 अंश सेल्सिअस. थोड्या दिवसांच्या साठवणीला ठीक, पण वर्षानुवर्षं मुरवायला 70 टक्के मला जास्त वाटतात: बुरशीची भीती आणि ओढताना खेच घट्ट, म्हणजे धूर ओढायला जोर लागतो. 65 टक्के आणि 18 अंशांच्या आसपास ठेवा. तापमान वर जाऊ लागलं की तंबाखूच्या किड्याची अंडी फुटतात. 20 च्या खाली राहिलात तर धोका बराच कमी.

तळटीप

जुनी म्हणजे किती जुनी, हे आधी खोक्यावरून ठरवा. क्यूबाच्या सिगारींपुरतं सांगतो, कारण तिथे खोकं बोलतं.

खोकं उलटं करून तळ बघा. नुसतं "हेचो एन कूबा", म्हणजे क्यूबात बनवलेली, असेल आणि त्याच्यासोबत "तोतालमेंते आ मानो", म्हणजे पूर्णपणे हाताने केलेली, हे शब्द नसतील तर खोकं बहुधा 1989 च्या आधीचं. सिगारी विकणाऱ्या आबानोस एस.ए. या क्यूबन कंपनीचा शिक्का 1994 पासून, त्याआधी कूबाताबाको या सरकारी कंपनीचा. 1985 पासून कारखाना आणि तारीख सांकेतिक अक्षरांत यायला लागली. तारखेची किल्ली "निवेल आकुसो" या दहा रोमन अक्षरांत आहे: एन म्हणजे 1, आय 2, व्ही 3, ई 4, एल 5, ए 6, सी 7, यू 8, एस 9 आणि ओ म्हणजे 0. म्हणजे तळावर ओ-ए-यू-यू दिसलं तर 06 88, जून 1988. 2000 नंतरच्या खोक्यांवर स्पॅनिश महिन्याची तीन अक्षरं आणि वर्षाचे दोन आकडे सरळ छापलेले असतात: एने म्हणजे जानेवारी, आगो म्हणजे ऑगस्ट, दिक म्हणजे डिसेंबर.

ही तारीख खोकं भरल्याची असते. पान त्याहून जुनं असतं, आणि त्यातलं लिगेरो, म्हणजे झाडाच्या वरच्या भागातलं जाड, कडक पान, सेको (मधलं पान) आणि व्होलादो (खालचं पान) यांच्यापेक्षा जास्त काळ मुरवलेलं असतं.

सेलोफेनमध्ये असलेल्या सिगारीचं वय वेष्टनाच्या रंगावरूनही अंदाजे कळतं. वेष्टन सुरुवातीला पारदर्शक असतं, मग चहाच्या पाण्यासारखं पिवळं आणि पुढे तपकिरी होतं. सरकवून काढलं की सिगारीला टेकलेल्या जागी रंग गडद दिसतो. नुसतं पिवळेपण पाहून वर्षं मात्र सांगू नका, कारण तेलकट पानाने ते लवकर पिवळं पडतं.

धूसर

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. जुन्या सिगारींवर पांढरी पूड दिसते, तिला काही जण "फुलोरा" म्हणतात आणि उत्तम मुरल्याची खूण मानतात. खरं आहे का?

पानगळ

धूसर, बहुतेक वेळा ती बुरशीच असते, आणि फुलोरा म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. भिंग घेऊन तिरप्या उजेडात बघा. ठिपके गोल-गोल आणि विखुरलेले असतील, कडा लोकरीसारखी असेल, पानापासून जरा उचललेली असेल, तर बुरशी. हिरवट किंवा निळसर छटा असेल तर शंकाच नको.

वरच्या पानावर थोडी पांढरी बुरशी असेल तर बाकीच्या सिगारींपासून लांब नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाडा, आठवडाभर 60 टक्क्यांवर वेगळी ठेवा, परत येते का बघा. पेटवायच्या टोकाकडे नक्की पाहा. तिथे पानांच्या मधे बुरशी दिसली तर ती आतपर्यंत गेलेली असणार, टाकून द्या. मन घट्ट करून टाका, तो धूर छातीत गेला नाही तरी तोंडात जातोच.

आणि टाचणीच्या टोकाएवढी, काठ स्वच्छ असलेली गोल भोकं दिसली तर तो किडा. खोक्यातल्या बाकीच्या सिगारी दोन पिशव्यांत हवाबंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस उणे 18 अंशांवर फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग बाहेर. पिशवी सिगार खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची. फ्रीझरमधून थेट बाहेर काढली तर जुनं पान उभं तडकतं.

सांजवेळ

चवीबद्दल कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पेटवण्याआधी दोन वेळा वास घ्या: एकदा अंगाचा, एकदा पेटवायच्या टोकाचा. ताज्या सिगारीच्या अंगाला गोठ्याचा, ओल्या पेंढ्याचा वास असतो. मुरलेल्या सिगारीचा वास मंद होतो. सुकं गवत, जुनं लाकूड, चामडं, कधी मधाची छटा. काप घेतल्यावर न पेटवता दोन झुरके घ्या. या थंड झुरक्यात खेच कळते आणि वरच्या पानाची चव ओठांवर येते. जिभेला मिरीसारखी चुणचुण असेल तर सिगारीत अजून ताकद शिल्लक आहे.

धूर तोंडात भरायचा, दोन-तीन सेकंद जिभेवर फिरवायचा आणि सोडायचा. छातीत न्यायचा नाही. तोंडातला तीन-चतुर्थांश धूर सोडून दिल्यावर उरलेला थोडासा नाकावाटे बाहेर काढा. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मूळ चवीच कळतात. सीडर, जायफळ, कोको, भाजलेले बदाम हे सगळं नाकाला कळतं. नव्या, जहाल सिगारीत नाकाने धूर काढणं म्हणजे डोळ्यांत पाणी. मुरलेल्या सिगारीत मात्र ते सहज जमतं, आणि तिचं खरं सुख इथेच आहे. दर झुरक्याला नको, तीन-चार झुरक्यांत एकदा पुरे.

सिगार तीन भागांत बघायची सवय लावा. पहिल्या भागात जुनी सिगार अगदी गप्प असू शकते, धूर मऊ पण चव पातळ. इथेच घाईने निकाल देऊ नका. निखारा स्थिर झाल्यावर, साधारण तीन-चार सेंटिमीटर जळल्यावर मधला भाग उघडतो. चांगल्या जुन्या सिगारीत इथे गोडसर लाकूड आणि काळ्या चहासारखा हलका तुरटपणा एकत्र येतात, आणि धूर तोंडातून गेल्यावरही मिनिटभर चव रेंगाळते. माझ्या मते हे रेंगाळणंच खरी कसोटी. चव चटकन पुसली जात असेल आणि मागे कोऱ्या कागदासारखी, पुठ्ठ्यासारखी भावना उरत असेल, तर तिचा काळ होऊन गेलाय.

सोबतीला साधं पाणी घ्या, फार थंड नको. कडक कॉफी किंवा मद्य जुन्या सिगारीला झाकून टाकतं.

आडवाट

सांजवेळताई, चवीचं वर्णन पटलं. पण या धाग्यामुळे सगळेच खोकी भरून ठेवायला लागतील, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. प्रत्येक सिगार मुरवण्याच्या लायकीची नसते. सुरुवातीलाच सौम्य असलेली, कनेटिकट शेडसारख्या हलक्या पानात वळलेली सिगार पाच वर्षांनी बहुधा पाण्यासारखी लागते. जी ताजी असताना जरा जास्तच कडक वाटते, जिच्यात लिगेरो भरपूर आहे, ती ठेवा. वाईट वळलेली सिगार वयाने सुधारत नाही. खेच घट्ट असेल तर वीस वर्षांनीही घट्टच राहणार.

आकाराचाही विचार करा. जाडीचा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे 50 जाडी म्हणजे 19.8 मिलिमीटर आणि 38 म्हणजे 15.1. लांसेरो हा बारीक आकार 192 मिलिमीटर लांब आणि 38 जाड, रोबुस्तो हा आखूड जाड आकार 124 लांब आणि 50 जाड. आतल्या तंबाखूच्या मानाने वरचं पान लांसेरोत जवळपास 30 टक्क्यांनी जास्त भरतं. वरच्या पानाची चव मुरलेली चाखायची असेल तर बारीक सिगार घ्या. पण तिला झुरका आणखी सावकाश, कारण छोटा निखारा लगेच तापतो.

धूसर

अजून एक. जुन्या सिगारी सारख्या विझतात किंवा एका बाजूने जळत जातात. उपाय?

काळीमिरी

एका बाजूने जळणं बहुतेकदा पेटवतानाच सुरू होतं: कडेचा काही भाग पेटलेलाच नसतो. मागे राहिलेली बाजू खाली येईल अशी सिगार फिरवून धरा, खालच्या बाजूला हवा चांगली मिळते. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर फक्त मागे राहिलेल्या कडेला ज्वाला दाखवा. वाऱ्यात बसला असाल तर आधी जागा बदला.

आतली तंबाखू जळून पोकळ होत गेली आणि वरचं पान तसंच उभं राहिलं, तर वरचं पान आतल्या भागापेक्षा ओलं आहे. दमट डब्यातून काढून लगेच पेटवली की हेच होतं. निवांतरावांचे ते दोन-तीन दिवस याच्याचसाठी.

विझली तर घाबरू नका. राख हलकेच झाडा, सिगारीतून बाहेरच्या दिशेने एक मंद फुंकर मारा म्हणजे आत साठलेला शिळा धूर निघून जाईल, आणि मग पहिल्यासारखीच दुरून ज्वाला देत पेटवा. अर्ध्या तासाच्या आत केलंत तर चवीत फारसं बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नका, जळक्या टोकाचा कडूपणा तोपर्यंत सगळीकडे पसरतो.

राख दोन-तीन सेंटिमीटर होऊ द्या, तिने निखारा थंड राहतो. नंतर आपटू नका, रक्षापात्राच्या काठाला टेकवून फिरवा, आपोआप सुटेल.

पानगळ

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. धूर छातीत घेतला नाही म्हणजे सिगार निरुपद्रवी होत नाही. तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका आहेच. सिगारीचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जुनी सिगार जिभेला मऊ लागते म्हणून ती शरीरालाही मऊ असेल असं समजू नका. उपाशीपोटी ओढू नका. घाम फुटला, मळमळलं, हात थरथरले तर सिगार लगेच खाली ठेवा, मोकळ्या हवेत बसा, काहीतरी गोड घ्या. आणि बंद खोलीत दुसऱ्या कुणाच्या सोबतीने तर नकोच.

तळटीप

पानगळ यांना +१.

कोरड्या पडलेल्या सिगारीबद्दल कुणी लिहिलं नाही. जुन्या संग्रहातून आलेली खोकी अनेकदा 50 टक्क्यांच्या आसपास सुकलेली असतात. ती थेट 69 च्या डब्यात टाकली की वरचं पान आधी पाणी पितं, फुगतं, आत अजून कोरडंच असतं, आणि काही दिवसांत उभी चीर. पायरीने न्या: तीन आठवडे 55, तीन आठवडे 58, मग 62, आणि तिथेच थांबा. दर आठवड्याला सिगार पाव फेरा फिरवून ठेवा. ओलावा परत येतो, पण उडून गेलेली तेलं परत येत नाहीत, त्यामुळे खोकं विकत घेण्याआधी एक सिगार ओढून बघण्याचा आग्रह धरा.

निवांत

सगळ्यांचे आभार, मूळ लेखापेक्षा प्रतिसादच जास्त कामाचे झालेत. आडवाट, तुमचा मुद्दा मान्य.

दोन गोष्टी राहिल्या होत्या. सिगारीभोवतीची कागदी पट्टी पेटवण्याआधी काढायला जाऊ नका. जुना कागद कडक झालेला असतो आणि डिंक कधी कधी पानालाही चिकटलेला असतो. ओढला की पान सोलून निघतं. निखारा पट्टीपासून चार-पाच सेंटिमीटरवर आला की उष्णतेने पान जरा मऊ पडतं आणि डिंक सैल होतो. तेव्हा जोडावर नख घालून उलगडा. तरीही अडली तर सोडून द्या, निखारा आणखी जवळ येऊ द्या.

शेवटचा तिसरा भाग: इथे तेलं आणि डांबर मागे साठत आलेलं असतं, म्हणून जुन्या सिगारीलाही शेवटी थोडा तिखटपणा येतो. तो आला की झुरके दीड मिनिटावर न्या, मधून एखादी बाहेरची फुंकर मारा. बोटांना ऊब जाणवली आणि धूर गरम लागायला लागला की थांबा, साडेतीन-चार सेंटिमीटर उरली असली तरी. चुरडून विझवू नका, खोलीभर घाण वास सुटतो. रक्षापात्रात आडवी ठेवा, पाच-सात मिनिटांत स्वतःच विझते.